एका ओळीखाली दुसरी ओळ

(कोल्हापुरात दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथं जमलो आहोत ते ग्रंथपाल होते. आपलं नाव कुठल्याही फलकावर लावायचं नाही, असं ते घरच्यांना बजावून गेले. घरच्यांनी ते पाळलं आहे, तेव्हा मीही पाळतो. आम्ही विद्यार्थी त्यांना नुसतं ‘मामा’ म्हणायचो. तेवढं पुरे.

मामांना जीवरसायनशास्त्रातलं काही कळत नव्हतं, असं ते स्वतःच सांगायचे. तरी आजचा विषय मी त्यांना डोळ्यांपुढं ठेवूनच निवडला. पेशीत तयार झालेलं प्रथिन योग्य जागी कसं पोचतं, आणि ते पोचवणाऱ्या आरएनएची व प्रथिनांची नोंद ठेवणारे इंटरनेटवरचे कोश कुणी, कसे आणि कशासाठी उभे केले, हा तो विषय. नाव ऐकून पुढच्या रांगेतले दोघं-तिघं चुळबुळले, ते मी पाहिलं. घाबरू नका. सुरुवात गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावरून करतो.

कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार काढली जाते आणि फेसाळ, कोमट पेला आपल्या हातात येतो. तालमीतून आलेला पैलवान दोन-तीन पेले सहज रिचवतो. त्या पेल्यात पाणी आहे, स्निग्धांश आहे, साखर आहे आणि केसीन नावाची प्रथिनं आहेत. केसीन म्हशीच्या कासेतल्या पेशींत तयार होतं. आता पेशी म्हणजे चहूबाजूंनी पटलानं बंद केलेली खोली. आत हजारो प्रकारची प्रथिनं बनतात. त्यातली बहुतेक आतच राहायची असतात, केसिनानं मात्र बाहेर पडून दुधात यायचं असतं. तर ह्याला बाहेर जायचंय, हे पेशीला कोण सांगतं?

उत्तर केसिनाच्याच तोंडाशी लिहिलेलं असतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. प्रत्येक आम्लाला एक अक्षर द्यायचं, ही एकाक्षरी लिपी मार्गारेट डेहॉफ या अमेरिकन विदुषीनं रूढ केली. तिनं १९६५ साली प्रथिनांचा पहिला संग्रह छापला, त्यात ६५ प्रथिनं होती. तिच्या लिपीत गायीच्या बीटा-केसिनाची पहिली पंधरा अक्षरं वाचतो:

एम के व्ही एल आय एल ए सी एल व्ही ए एल ए एल ए.

आणि आता त्याच गायीच्या अल्फा-एस-वन केसिनाची, बरोबर त्याच्याखाली:

एम के एल एल आय एल टी सी एल व्ही ए व्ही ए एल ए.

पंधरापैकी बारा जागी तीच अक्षरं आहेत. तिसरी, सातवी आणि बारावी एवढ्या तीनच जागा वेगळ्या. हा योगायोग नाही, एवढं कुणालाही कळेल. या पंधरा अक्षरांना संकेत पेप्टाइड म्हणतात. गंमत अशी की ही अक्षरं तुमच्या पेल्यात कधीच येत नाहीत. प्रथिन पटलापलीकडं सरकत असतानाच एक विकर ती छाटून टाकतं. सोळाव्या अक्षरापासून पुढं दूध.

आता तिसरी ओळ घेऊ. माणसाच्या इन्शुलिनचा संकेत चोवीस अक्षरांचा आहे:

एम ए एल डब्ल्यू एम आर एल एल पी एल एल ए एल एल ए एल डब्ल्यू जी पी डी पी ए ए ए.

ही केसिनाच्या ओळींखाली ठेवली तर जुळत नाही. लांबी वेगळी, अक्षरं वेगळी. पण कान देऊन ऐका. केसिनाच्या दोन्ही ओळींत ‘एल’ आणि त्याचे भाऊबंद दाटीनं बसलेत. इन्शुलिनच्या चोवीसपैकी आठ अक्षरं ‘एल’ आहेत. एल म्हणजे ल्यूसीन, पाण्याचा तिटकारा असलेलं आम्ल. हे साम्य शब्दांचं नाही, स्वभावाचं आहे.

पुस्तकांत संकेत पेप्टाइडला पिनकोडची उपमा देतात. मला ती कधीच पटली नाही. पिनकोडचा एक आकडा चुकला की पत्र भलत्याच गावी जातं. इथं निम्मी अक्षरं बदलली तरी प्रथिन नेमकं पोचतं. मी तरुणपणी पुण्याला शिकायला गेलो, तेव्हा तोंड उघडून दोन वाक्यं बोललो की समोरचा विचारायचा, “कोल्हापूरचे का?” कोल्हापूर हा शब्द मी उच्चारलेलासुद्धा नसायचा. ‘कवा आलासा?’ म्हणालो असेन, नाहीतर ‘जेवलोय की’. शब्द दर वेळी वेगळे, हेल मात्र तोच. संकेत पेप्टाइड असं ओळखू येतं.

हे ज्यांनी शोधलं त्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ग्युंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी १९७१ साली नुसता तर्क मांडला की बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या तोंडाशी काहीतरी खूण असावी. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये सेझार मिलस्टाइन आणि सहकाऱ्यांना आढळलं की परीक्षानळीत बनवलेलं प्रतिपिंडाचं एक प्रथिन पेशीतून बाहेर पडणाऱ्या प्रथिनापेक्षा थोडं लांब असतं. १९७५ मध्ये ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरस्टाइन यांनी परीक्षानळीतच प्रयोग करून तर्काला पाया दिला. १९९९ चं नोबेल ब्लोबेलना मिळालं. लहानपणी त्यांनी ड्रेस्डेन शहर बाँबहल्ल्यात जळताना पाहिलं होतं. पारितोषिकाची बहुतेक रक्कम त्यांनी त्या शहरातलं चर्च आणि सिनेगॉग पुन्हा उभं करायला देऊन टाकली. विषय सोडून सांगितलं, पण सांगावंसं वाटलं.

खूण असली तर ती वाचणाराही कुणी हवा. ब्लोबेल यांचे विद्यार्थी पीटर वॉल्टर यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून तो वेगळा काढला. सहा प्रथिनांचा हा पुंजका, म्हणून नाव दिलं ‘सिग्नल रेकग्निशन प्रोटीन’, एसआरपी. मग १९८२ मध्ये लक्षात आलं की या पुंजक्यात सुमारे तीनशे अक्षरांचा एक आरएनएही आहे, आणि त्याच्याशिवाय तो बांधलाच जात नाही. मग ‘प्रोटीन’च्या जागी ‘पार्टिकल’ आलं. आद्याक्षर सुदैवानं तेच, त्यामुळं एसआरपी हे नाव वाचलं.

त्याचं काम बघा. रायबोसोम प्रथिनाची माळ गुंफत असतो. संकेताचा तुकडा बाहेर डोकावला रे डोकावला की एसआरपी त्याला धरतो. धरणाऱ्या प्रथिनाचं नाव एसआरपी-५४. त्याच्या खोबणीत मेथिओनिन नावाची लवचिक आम्लं ब्रशच्या केसांसारखी उभी असतात, म्हणून वेगवेगळ्या घडणीचे संकेत त्यात बसू शकतात. एसआरपीचं दुसरं टोक रायबोसोमचं काम तेवढ्यापुरतं मंदावतं, जणू खांद्यावर हात ठेवून ‘जरा थांबा’ म्हणतं. मग सगळा लवाजमा पेशीच्या आतल्याच पटलांच्या जाळ्यापाशी, म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलापाशी जातो. तिथं ग्राहक प्रथिन भेटतं, वाहिनी उघडते, आणि एसआरपी हात सोडून पुढच्या फेरीला मोकळा होतो. कासेतल्या पेशीत हे सतत चालू असतं. काही माणसांच्या शरीरात याच एसआरपीविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि स्नायू झपाट्यानं अशक्त होतात. त्या आजाराच्या रक्ततपासणीत एसआरपी हे नाव तुमच्यापैकी एखाद्या डॉक्टरांनी वाचलंही असेल.

आता आरएनएकडं वळू. त्याची अक्षरं प्रथिनांच्या अक्षरांहून निराळी. माझं मन खरं तिथं रमतं.

माणसात हा आरएनए सुमारे ३०० अक्षरांचा आहे. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूत तो ११४ अक्षरांचा, आणि पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये पाचशेच्याही पुढं. तिघांच्या ओळी एकाखाली एक ठेवल्या तर काय जुळणार? अक्षरं जवळपास जुळतच नाहीत. तरी तिघांचं काम एकच. मग साम्य कुठं दडलंय?

यासाठी ज्ञानेश्वरीची ओवी आठवा. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा मोकळा. समजा, एका पोथीत पहिल्या चरणाच्या शेवटचा शब्द बदललेला आहे. नकलकाराच्या हातून चूक झाली असेल तर यमक मोडलेलं दिसेल. पण दुसऱ्या-तिसऱ्या चरणातले शब्दही बदलून यमक पुन्हा जुळवलेलं असेल, तर ती चूक नव्हे. तिथं यमक आहे याची जाण असलेल्या माणसाचा तो पाठ. आरएनएचा धागा स्वतःवरच दुमडतो, आणि दुमडीत समोरासमोर येणारी अक्षरं जोडीनं बसतात: जी समोर सी, ए समोर यू. एका प्राण्यात विसाव्या जागी जी आणि समोर सी. दुसऱ्यात विसाव्या जागी ए आलं, तर समोरचा सीही बदलून यू झालेला. अक्षरं दोन्ही बदलली, यमक टिकलं. असं एकदा दिसलं तर योगायोग म्हणता येईल. पन्नास जीवांत दिसलं तर तिथं दुमड आहे, हे सूक्ष्मदर्शक न लावताही सांगता येतं.

पण त्यासाठी पन्नास ओळी एकाखाली एक हव्यात. एका पोथीवरून यमक कळत नाही.

हे काम आपल्याला परकं नाही. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर तिचे संपादक होते, १९४३ साली त्यांचं निधन झालं, आणि काम पुरं व्हायला १९६६ उजाडलं. शारदा, देवनागरी, ग्रंथ, मल्याळम् अशा कितीतरी लिप्यांतल्या बाराशेवर हस्तलिखितांचा त्यात उपयोग झाला. श्लोक एका पानावर, आणि कुठल्या प्रतीत काय आहे याचे पाठभेद तळाशी बारीक टायपात. सामान्य वाचक ते तळटिपांचं रान ओलांडून पुढं जातो. मामा तिथंच थांबायचे. “खरं काम खाली आहे,” म्हणायचे.

तसंच काम एसआरपीच्या आरएनएवर नील्स लार्सन आणि क्रिस्टियन झ्वीब यांनी केलं. १९९१ मध्ये ‘न्यूक्लिइक ॲसिड्स रिसर्च’ या नियतकालिकात त्यांनी निरनिराळ्या जीवांच्या एसआरपी आरएनएची जुळवणी छापली. १९९३ मध्ये त्याच नियतकालिकातून त्याचा कोश जाहीर झाला: सिग्नल रेकग्निशन पार्टिकल डेटाबेस, एसआरपीडीबी. झ्वीब टेक्सासमधल्या टायलर या शहरी होते. पुढं स्वीडनमधल्या गोटेबोर्गचे टोरे सॅम्युएल्सन आणि मॅग्नस रोसेनब्लाड, डेन्मार्कचे यान गोरोड्किन असे बरेच जण या कामात आले. कोशात आरएनएच्या ओळी, त्यांच्या जुळवण्या, दुमडींची चित्रं, सोबत एसआरपीची प्रथिनं आणि पटलावरचं ग्राहक प्रथिन. कुणीही यावं, फुकट उतरवून न्यावं. याच मंडळींचा दुसरा कोश टीएमआरडीबी. जिवाणूंमधल्या, अडकून पडलेल्या रायबोसोमची सुटका करणाऱ्या एका आरएनएचा. २००६ मध्ये दोन्ही कोशांचं वर्णन एकाच लेखात आलं.

इथं मामांचं एक कार्ड आठवतं. त्यांच्या लाकडी खणांत पुस्तकांच्या कार्डांइतकीच ‘पाहा’ची कार्डं असायची. ‘करवीर: कोल्हापूर पाहा.’ ‘केशवसुत: दामले, कृष्णाजी केशव पाहा.’ या कार्डांवर एकाही पुस्तकाची नोंद नसे, तरी ती फाटली की मामा दुपारचं जेवण सोडून नवी लिहायला बसत. एसआरपीच्या आरएनएचं असंच झालं होतं. माणसात तो सेव्हन-एस-एल, ई. कोलायमध्ये फोर-पॉइंट-फाइव्ह-एस, बॅसिलस जिवाणूत एससी-आरएनए, यीस्टमध्ये एससीआर-वन. ज्यानं जिथं शोधला त्यानं आपल्या सोयीचं नाव ठेवलं. एकाच माणसाला माहेरी एक, सासरी दुसरं आणि दाखल्यावर तिसरंच नाव असावं तसं. २००५ मध्ये झ्वीब आणि इतरांनी सगळ्यांसाठी एकच नामावली सुचवली आणि दुमडींना एक ते बारा असे क्रमांक दिले. अशा कामाला पारितोषिक नसतं. पण त्यानंतर यीस्टवाला आणि माणसावर काम करणारा ‘आठवी दुमड’ म्हणाले की एकाच जागेबद्दल बोलत होते.

यादी पुरी असली की तिच्यात काय नाही तेही दिसतं. वनस्पतींच्या हरितलवकातही एसआरपी आहे, पण आपण रोज पाहतो त्या झाडांत त्याच्यापाशी आरएनए नाही. एसआरपी-५४ आणि दुसऱ्या एका प्रथिनावर भागतं. वर्षानुवर्षं वाटत होतं की हरितलवकांची हीच तऱ्हा. २००४ मध्ये रोसेनब्लाड आणि सॅम्युएल्सन यांनी जुळवणीतून काढलेले नमुने घेऊन जनुकसंग्रह धुंडाळले, तेव्हा काही शैवालांच्या हरितलवकात हा आरएनए सापडला. म्हणजे झाडांच्या पूर्वजांकडं तो होता, पुढं गळून पडला. प्रयोगशाळेत नवं काही न करता, जुन्या ओळींखाली नव्या ओळी ठेवून हे कळलं.

मी स्वतः या वाटेला कसा लागलो ते सांगतो. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी राजारामपुरीत इंटरनेटची दुकानं आली, तासावर पैसे. मोडेम किंचाळायचं, मग पान वरून खाली इंच-इंच उमटायचं. एकदा तासभराचे पैसे मोजून मी एसआरपी आरएनएची जुळवणी फ्लॉपीवर घेतली आणि कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छापली. घरी बाहेरच्या खोलीत अंथरली, तर भिंतीपासून भिंतीपर्यंत गेली. रंगीत पेन्सिलींनी जोड्या रंगवत गुडघ्यावर रांगत होतो. बायको दारात उभी राहून म्हणाली, “रांगोळी झाली असंल तर जेवायला या.” त्या रात्री मला पहिल्यांदा दिसलं की एसआरपी-५४ जिथं बसतं त्या टोकाची थोडी अक्षरं माणसापासून जिवाणूपर्यंत जवळजवळ हलत नाहीत. पुस्तकात मी ते आधी वाचलं होतं. वाचणं वेगळं, हिरव्या पेन्सिलीचा सरळ खांब जमिनीवर उभा राहिलेला पाहणं वेगळं.

पुढं माझ्या एका विद्यार्थिनीनं प्रकल्पासाठी एका कोशाचा आधार घेतला. अहवाल सादर करायच्या आठवड्यात तो कोश उघडेना. पत्ता तोच, पान कोरं. चूक कुणाची? बहुधा कुणाचीच नाही. अनुदान संपलं असेल, सांभाळणारा विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेला असेल. टेरेसा ॲटवुड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १९९७ सालच्या यादीतल्या ३२६ जैविक कोशांचा मागोवा घेतला, तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त कोश नाहीसे झालेले आढळले. आपल्याकडं वाळवी लागते, तिकडं सर्व्हर बंद पडतो.

मोठेही यातून सुटले नाहीत. प्रथिनांचा सर्वांत नावाजलेला कोश स्विस-प्रॉट आमोस बैरोख यांनी १९८६ मध्ये जिनिव्हात सुरू केला. १९९६ मध्ये त्याचे पैसे आटले, तेव्हा बैरोख यांनी इंटरनेटवर सरळ जाहीर केलं की जूनअखेर कोश बंद होणार. जगभरातून पत्रांचा पाऊस पडला, सरकारनं हात सैल केला, आणि दोनच वर्षांत स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स उभी राहिली. आज तोच कोश युनिप्रॉट या मोठ्या प्रथिनकोशाचा गाभा आहे. छोट्या कोशांसाठी असा पाऊस क्वचितच पडतो. एसआरपीचे आरएनए आता आरफॅमसारख्या मोठ्या संग्रहांतही कुटुंबवार मांडलेले सापडतात, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

आपल्याकडं काय झालं? पुष्कळ झालं, पण आपल्याला माहीत नसतं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं देशभर माहिती केंद्रांचं जाळं विणायला घेतलं, तेव्हा १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचं केंद्र निघालं. तिथल्या अशोक कोळस्कर आणि टोंगावकर यांनी १९९० मध्ये प्रथिनाचा कुठला भाग प्रतिपिंडांना जागवेल हे अक्षरांवरून ओळखायची रीत दिली. ती आजही जगभर ‘कोळस्कर-टोंगावकर’ म्हणूनच चालते. २००४ मध्ये ऊर्मिला कुलकर्णी-काळे, कोळस्कर आणि सहकाऱ्यांचा व्हिरजेन हा विषाणूंच्या जनुकसंचांचा कोश ‘न्यूक्लिइक ॲसिड्स रिसर्च’मध्येच छापून आला, झ्वीब मंडळींच्या पंगतीत. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात कैलास सोनवणे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी टीआरएनए या दुसऱ्या एका आरएनएमधल्या बदललेल्या अक्षरांच्या रचनेचा संगणकावर अभ्यास केला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये फरिदाबादला भारतीय जैविक माहिती केंद्र सुरू झालं. भारतात काढलेल्या ओळी भारतातच ठेवायची सोय व्हायला इतकी वर्षं लागली.

मला हमखास विचारतात, आता कृत्रिम बुद्धिमत्ता सगळं सांगते, मग या कोशांचं काय? अल्फाफोल्डनं वीस कोटींवर प्रथिनांचे आकार वर्तवले, २०२४ चं नोबेलही मिळालं, सगळं खरं. पण ते यंत्र आकार सांगायला बसतं तेव्हा आधी काय करतं? नात्यातल्या ओळी शोधतं, एकाखाली एक मांडतं, आणि कुठली जागा बदलली की समोरची कुठली बदलते ते पाहतं. माझ्या बाहेरच्या खोलीतलाच उद्योग, फक्त गुडघे दुखत नाहीत.

जाता जाता एक काम देतो. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहे. युनिप्रॉट उघडा. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. शोधायच्या चौकटीत बीटा-केसीन आणि म्हशीचं शास्त्रीय नाव, बुबॅलस बुबॅलिस, ही दोन्ही इंग्रजी अक्षरांत टाका. जी ओळ येईल तिची पहिली पंधरा अक्षरं कागदावर मोकळी मोकळी लिहा. वर गायीची लिहा, मी मघाशी वाचली ती. किती जागी फरक पडतो ते मोजा. मी मुद्दाम सांगत नाही. उद्या सकाळी कट्ट्यावर भेटलात तर आकडा सांगा.